आमदारांच्या पत्नीचं काम कुणाच्या खात्यावर? एका तालुक्यातलं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू तालुक्यातलं आहे. नावं बदलली आहेत, गावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील मुद्दाम सरकवले आहेत. त्या काळात मी तिथल्या बचत गटांच्या महासंघाला हिशेब शिकवायला जात होते. काही बैठकांना मी हजर होते, काही गोष्टी नंतर ऐकल्या. एका चुकीत माझाही वाटा आहे, तो येईल तिथे सांगते.

पार्श्वभूमी

सुमनताईंचं लग्न १९८९ मध्ये झालं. वडील प्राथमिक शिक्षक, त्या स्वतः बी.ए. नवरा, ज्यांना सगळा तालुका अण्णा म्हणतो, तेव्हा पंचायत समितीचा सदस्य होता. पुढे २००४ आणि २००९ अशा दोन निवडणुका जिंकून अण्णा आमदार झाले.

पुढाऱ्याच्या घराला सकाळ नसते, सकाळची गर्दी असते. साडेसहाला ओसरीवर माणसं बसलेली. अण्णा एक तर मुंबईला अधिवेशनात, नाहीतर दौऱ्यावर. लोक अण्णांना भेटायला येत आणि भेटून जात वहिनींना. चहा देता देता त्या ऐकून घेत: कुणाचा सातबारा अडकला, कुणाच्या सुनेला सरकारी दवाखान्यात खाट मिळेना, कुणाच्या पोराचा जातीचा दाखला तहसीलमध्ये तीन महिने पडून. पहिली काही वर्षं त्या हे सगळं रात्री अण्णांना तोंडी सांगत. मग विसरायला लागलं, म्हणून वही केली.

ती वही मी पाहिली आहे. दोनशे पानी, आखीव, वर प्लास्टिकचं कव्हर. डावीकडे नाव आणि गाव, मध्ये काम, उजवीकडे कुणाला फोन केला आणि कधी. काम झालं की लाल शाईची बरोबरची खूण. झालं नाही तर तारखा एकाखाली एक वाढत जायच्या. एका विधवेच्या निराधार अनुदानापुढे मी सात तारखा मोजल्या होत्या. २०११ पर्यंत अशा अकरा वह्या भरल्या होत्या. अण्णांच्या दोन्ही निवडणुकांत प्रचाराची खरी यादी म्हणजे या वह्याच, असं कार्यकर्ते उघड बोलत. फक्त वहीवर नाव अण्णांचं होतं: ‘आमदार संपर्क कार्यालय’.

दुसरं काम बचत गटांचं. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९९९ मध्ये स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली आणि तालुक्या-तालुक्यात गटांचं पेव फुटलं. सुमनताईंनी २००२ मध्ये माहेरच्या ओळखीच्या एका गावात पहिला गट काढला, बारा बायकांचा, महिन्याला पन्नास रुपये बचत. मग एक संस्था नोंदवली, महासंघ केला, आणि २०१० पर्यंत शंभराच्या वर गट झाले. महासंघाची सचिव होती लक्ष्मीताई. दहावी पास, तिशीत विधवा झालेली. गावोगाव सायकलवर फिरून तिने निम्मे गट बांधले होते. हिशेबात तिची चूक मी एकदाच पकडली, आणि ती चूक माझीच निघाली.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढे ती महत्त्वाची ठरते. आमदारांच्या घरचं हळदी-कुंकू म्हणजे तालुक्यातला मोठा मेळावा. पहिल्याच वर्षी लक्ष्मीताई सतरंजीच्या कडेला उभी राहिली, आत आली नाही. पुढच्या वर्षापासून सुमनताईंनी पत्रिकेतला ‘हळदी-कुंकू’ हा शब्दच काढला आणि ‘तिळगूळ मेळावा’ लिहिलं. वाण सगळ्यांना, विधवांनाही. सासूबाई दोन महिने बोलल्या नाहीत म्हणे. या निर्णयात अण्णांचा काही हात नव्हता. तो पूर्णपणे त्यांचा होता, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचा खरा पाया तोच.

प्रश्न कसा उभा राहिला

तीन गोष्टी एकाच वर्षात, २०११ मध्ये, एकमेकींवर येऊन आदळल्या.

पहिली गोष्ट थकबाकीची. तीसेक गटांचे हप्ते थकले. पाऊस बरा होता, म्हणजे दुष्काळाचं कारण नव्हतं. आम्ही गटागटात बसून ऐकलं तेव्हा दोन उत्तरं मिळाली. एक म्हणजे २००८ च्या शेतकरी कर्जमाफीनंतर ‘गटाचंही माफ होणार’ ही आवई. दुसरं उत्तर जास्त बोचरं होतं. एक म्हातारी सरळ म्हणाली, ‘वहिनींनी दिलेत पैसे, वहिनी बघतील की.’ कर्ज बँकेचं, सही गटाची, पण बाईच्या लेखी पैसा आमदारांच्या घरचा. आणि ती अगदीच चूक नव्हती. बचत गटाचं पहिलं कर्ज गटाची पुस्तकं बघून, अंतर्गत कर्जाची, म्हणजे गटाच्याच बचतीतून बायकांनी घेतलेल्या कर्जाची, परतफेड तपासून मिळायला हवं. इथे कित्येक गटांना ते एका फोनवर मिळालं होतं. शाखाधिकाऱ्याने आमच्यासमोर हात जोडले: ‘वहिनींच्या फोनवर कर्ज दिलं, आता वसुलीला कुणाला फोन करू?’

दुसरी गोष्ट तक्रारीची. संस्थेच्या सभागृहात अण्णांच्या पक्षाची बैठक झाली. सभागृह रिकामं होतं, पक्षाला जागा हवी होती, भाडं कुणी मागितलं नाही, पावती फाडली नाही. विरोधकांनी धर्मादाय आयुक्तालयात अर्ज टाकला की सार्वजनिक न्यासाची (ट्रस्टची) मालमत्ता पक्षासाठी वापरली जाते. अर्जात तथ्य होतं. तोवर कुणाला ते गैर वाटलंच नव्हतं, यातच सगळं आलं.

तिसरी गोष्ट आरक्षणाची. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांचं आरक्षण पन्नास टक्के केलं. सोडतीत अण्णांचा हुकमी जिल्हा परिषद गट (इथे गट म्हणजे मतदारसंघ) ‘सर्वसाधारण महिला’ निघाला. सोडतीची चिठ्ठी निघाली त्याच संध्याकाळी ओसरीवर पेढे आले. उमेदवार कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

विचारायला हवा होता, कारण दुसरी उमेदवार समोर होती. त्या मतदारसंघातल्या बत्तीस गावांपैकी लक्ष्मीताईला माहीत नसलेलं गाव नव्हतं. महासंघाच्या बायकांत कुजबुज सुरू होती की आरक्षण आलंय ते आपल्यासारखीसाठी, का साहेबांच्या बायकोसाठी? ती कुजबुज सुमनताईंपर्यंत पोचली. पेढ्यानंतर चार दिवसांनी.

समोर असलेले पर्याय

नोव्हेंबरमध्ये त्यांच्या घरी एक बैठक झाली. अण्णा, सुमनताई, पक्षाचे तालुकाध्यक्ष, एक वकील आणि थोडा वेळ मी. लक्ष्मीताईला बोलावलं नव्हतं.

पहिला पर्याय सरळ होता: सुमनताईंनी उभं राहायचं, संस्थेचं अध्यक्षपदही ठेवायचं. तालुकाध्यक्षांचं मत तेच. संस्था म्हणजे तयार यंत्रणा, ती सोडून कोण लढतं?

दुसरा पर्याय लक्ष्मीताईला उमेदवारी द्यायची आणि सुमनताईंनी प्रचार करायचा. अण्णांनी हा उडवून लावला नाही, पण म्हणाले, ‘खर्च कोण करणार? आणि निवडून आल्यावर ती आपली राहील का?’ पहिल्या प्रश्नाला उत्तर होतं. दुसऱ्या प्रश्नातच खरी अडचण होती, आणि ती त्यांनी लपवली नाही याचं मला बरं वाटलं.

तिसरा पर्याय सुमनताईंनीच मांडला: आपण घरातलं कुणीच उभं राहू नये. त्यावर खोलीत जे हसू पसरलं ते मी विसरलेले नाही. ‘मग आरक्षणाचा फायदा काय?’ असं एकजण म्हणाला.

चौथा पर्याय वकिलांचा: उभं राहायचं, पण आधी संस्थेचा राजीनामा द्यायचा, सभागृहाचं भाडं मागील तारखेपासून भरायचं, आणि बँकेला लेखी कळवायचं की गटांच्या कर्जाबाबत यापुढे माझी शिफारस नाही.

एक पाचवाही पर्याय होता, जो त्या दिवशी अर्धवट निघाला आणि विरला. प्रत्येक जिल्हा परिषद गटात पंचायत समितीचे दोन गण, म्हणजे छोटे मतदारसंघ, येतात. त्यातला एक गण महिलांसाठी राखीव होता. सुमनताई जिल्हा परिषदेला आणि लक्ष्मीताई त्या गणातून, अशी जोडी लावता आली असती. सुमनताईंनी विषय काढला. तालुकाध्यक्ष म्हणाले, त्या जागेचा शब्द एका कार्यकर्त्याच्या भावजयीला देऊन झालाय. त्यावर त्या गप्प बसल्या.

सुमनताईंच्या मनात काय चाललं होतं, हे त्यांनी मला बऱ्याच नंतर सांगितलं. बावीस वर्षं लोकांची कामं केली, ती सगळी दुसऱ्याच्या नावावर. आता पहिल्यांदा मतपत्रिकेवर स्वतःचं नाव येणार होतं, आणि नेमकं तेव्हाच सगळे त्यांना त्याग करायला सांगत होते. यात स्वार्थ होता, असं त्या स्वतःच म्हणाल्या. मला मात्र तो स्वार्थ समजतो. आपल्याकडे पुढाऱ्याच्या पत्नीच्या वाट्याला राजकारणाची झळ आधी येते आणि पद नंतर, आलंच तर. यशवंतराव चव्हाण भूमिगत होते तेव्हा अटक वेणूताईंना झाली होती. रमाबाई रानड्यांचं नाव पुण्याच्या सेवासदनाशी जोडलं गेलं ते १९०९ मध्ये, पती न्यायमूर्ती रानडे गेल्यानंतर आठ वर्षांनी. नवरा हयात आणि सत्तेत असताना स्वतःचं काम वेगळं उभं करायचं, याचे नमुने आपल्यापुढे तसे कमीच. वसंतदादा पाटलांच्या पत्नी शालिनीताई पाटलांसारखं एखादं नाव, जिने मंत्रिपद आणि खासदारकी दोन्ही मिळवलं. पण त्या आधीपासूनच राजकारणात मुरलेल्या होत्या.

चौथा पर्याय ठरला.

काय केलं

राजीनामा डिसेंबरमध्ये दिला. सभागृहाचं भाडं ठरवून अण्णांच्या खिशातून भरलं, पावती फाडली, धर्मादाय कार्यालयाला खुलासा गेला. बँकेला पत्र गेलं. इथवर ठीक.

पुढे अध्यक्ष कोण, हा प्रश्न आला. आणि इथे माझी चूक. निवडणुकीच्या तोंडावर संस्थेचं बँक खातं अडायला नको, शिलाई प्रशिक्षणाच्या मास्तरणींचे पगार थकतील, असा माझा हट्ट. नवीन सहीदार नेमायचा तर ठराव, बँकेचे कागद, धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज, हे सगळं आलं. उपाध्यक्षांची सही बँकेत आधीपासून होतीच. त्यांनाच अध्यक्ष करा, असं मी सुचवलं. उपाध्यक्ष म्हणजे सुमनताईंची धाकटी जाऊ.

कागद बदलला, घर तेच राहिलं. आठवड्यात तालुकाभर झालं: ‘मोठ्या वहिनींनी सोडलं, धाकट्या वहिनींनी धरलं.’ जाऊबाई चांगल्या होत्या, पण त्यांनी गटाची एकही बैठक पाहिलेली नव्हती. लक्ष्मीताईने ही बातमी वर्तमानपत्रात वाचली. तिची एकच प्रतिक्रिया माझ्यापर्यंत आली: ‘वहिनी उभ्या राहिल्या तर मी पदर खोचून काम करीन. पण मला आधी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.’

मग डबे. संक्रांतीच्या मेळाव्यासाठी दरवर्षीसारखे हजाराच्या वर स्टीलचे डबे ऑक्टोबरमध्येच सांगून ठेवले होते, झाकणावर नाव कोरून: सुमनताईंचं, अण्णांच्या नावासकट, खाली ‘सप्रेम भेट’. निवडणूक लागली जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, मतदान ७ फेब्रुवारीला. म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी हा सगळा वाण लुटायचा काळ आचारसंहितेत. डबे संस्थेच्या सभागृहात येऊन पडलेले, खोकी उघडून काही मांडणीवर लावलेले.

कार्यकर्त्यांचं म्हणणं, मेळावा दरवर्षीचा आहे, परंपरा आहे, कोण काय करणार? वकिलांचं म्हणणं, उमेदवाराचं नाव कोरलेली वस्तू मतदारांच्या हातात गेली की परंपरा पंचनाम्यात येते. आणि नुसते ठेवलेले डबेसुद्धा न्यासाच्या जागेत सापडले तर वाटण्यासाठी आणलेत असंच म्हटलं जाईल. कोरलेला माल दुकानदार परत घेणार नव्हता. रात्री नऊ वाजता सुमनताईंनी स्वतः दुकानदाराला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोने सगळी खोकी जिल्ह्याच्या गावी त्याच्याच गोदामात गेली. ‘माल मतमोजणीनंतर उचलायचा’ अशी लेखी पोच घेतली. मेळावा रद्द. त्यावर्षी बायकांनी आपापल्या गटात नुसता तिळगूळ दिला.

हा निर्णय अण्णांना विचारून झाला नव्हता. ते चिडले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात इथे त्यांनी पहिल्यांदा उमेदवार म्हणून निर्णय घेतला, आमदारांची पत्नी म्हणून नव्हे.

लक्ष्मीताईने शब्द पाळला, पदर खोचून काम केलं. सुमनताई साडेतीन हजारांच्या आसपास मतांनी निवडून आल्या आणि मार्चमध्ये महिला व बालकल्याण समितीच्या सभापती झाल्या.

सभापतिपदाच्या पहिल्या चार महिन्यांबद्दल त्या फार बोलत नाहीत. अण्णांचे स्वीय सहायक त्यांच्या खुर्चीमागे दुसरी खुर्ची टाकून बसत. खातेप्रमुख फाईल घेऊन येत त्या आधी सहायकांना दाखवत, फोन थेट अण्णांना जात. महिला पदाधिकाऱ्यांच्या कामात नातेवाइकांनी ढवळाढवळ करू नये अशी परिपत्रकं शासनाची आहेत, पण परिपत्रक आमदारांच्या माणसाला दाखवणार कोण? शेवटी अंगणवाडीच्या साहित्य खरेदीची एक फाईल आली, तिच्यावर सहायकाची आद्याक्षरं आधीच पडलेली होती. सुमनताईंनी फाईल मिटली आणि विचारलं, ‘सही माझी लागते ना? मग आधी वाचायचीही मीच.’ दुसऱ्या दिवसापासून ती मागची खुर्ची दालनाबाहेर गेली. साधं वाटतं. त्या रात्री घरी काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढचा कसोटीचा प्रसंग शिलाई मशीनचा. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. त्यातून शिलाई मशीन, पिको-फॉल मशीन, मुलींना सायकली असं वाटप तेव्हा व्हायचं. नियमाने अर्ज पंचायत समितीमार्फत यायचे, सोबत रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिलाई शिकल्याचं प्रमाणपत्र. प्रत्यक्षात प्रत्येक सदस्याचा ‘कोटा’ असायचा आणि सदस्य चिठ्ठीवर नावं लिहून द्यायचा. अण्णांच्या कार्यालयातून सत्तावीस नावांची यादी आली, लेटरपॅडवर.

सुमनताईंनी लक्ष्मीताईला बोलावलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा सल्ल्यासाठी. दोघींनी ठरवलं की प्रत्येक अर्जाला आवक क्रमांक पाडायचा, कागद पुरे असलेल्यांत आधी विधवा आणि परित्यक्ता, उरलेल्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर टाकायच्या. अण्णांची सत्तावीस नावंही त्याच ढिगात गेली. नऊ जणींना मशीन मिळालं. दोन सदस्य समितीच्या बैठकीतून उठून गेले आणि पुढे सहा महिने त्यांनी प्रत्येक ठरावाला विरोध केला. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकर आणि चारा छावण्यांच्या गडबडीत हा विरोध महाग पडला. दोन-तीन चांगले विषय त्यामुळे पुढच्या वर्षावर गेले. सचोटीची किंमत कुणीतरी मोजतंच, आणि इथे ती काही अंगणवाड्यांनी मोजली, हेही नोंदवायला हवं.

परिणाम

थकबाकी दोन वर्षांत बरीच उतरली, पण ते बँकेला पाठवलेल्या पत्रामुळे झालं नाही. लक्ष्मीताईने गटागटात जाऊन पुस्तकं नव्याने लिहून घेतली, आणि ज्या गटांचा अंतर्गत व्यवहार बंद होता त्यांचं नवं कर्ज सहा महिने थांबवलं. पाच गट कायमचे मोडले. त्यातल्या बायकांची बचतही त्यात गेली, म्हणून तालुक्यात अजून बोललं जातं.

संस्थेचं अध्यक्षपद दीड वर्षाने जाऊबाईंकडून गेलं. महासंघाच्या सर्वसाधारण सभेत हात वर करून लक्ष्मीताईची निवड झाली. सुमनताई त्या सभेला मुद्दाम आल्या नाहीत. जाऊबाई मात्र आल्या होत्या, आणि पहिला हात त्यांनी वर केला.

अडीच वर्षांची सभापतिपदाची मुदत २०१४ च्या सप्टेंबरात संपली. ऑक्टोबरमध्ये विधानसभेच्या निवडणुकीत अण्णा पडले. ओसरीवरची गर्दी महिन्याभरात विरळ झाली. नवीन आमदार दुसऱ्या पक्षाचे, कामं तिकडे वळली. तरीही दहा-पंधरा माणसं रोज सुमनताईंकडे येत राहिली, बहुतेक बायका. त्यांच्या फोनला तहसीलमध्ये आता पूर्वीसारखा प्रतिसाद नव्हता. मग त्यांनी फोन सोडला आणि अर्ज लिहून द्यायला सुरुवात केली. माहितीचा अधिकार कसा वापरायचा हे त्या वयाच्या पन्नाशीत, लक्ष्मीताईच्या मुलीकडून शिकल्या.

२०१७ ला आरक्षण बदललं. लक्ष्मीताई पंचायत समितीच्या गणातून उभी राहिली, पक्षाने तिकीट दिलं नाही म्हणून अपक्ष, आणि थोडक्या मतांनी निवडून आली. अण्णांनी विरोधात प्रचार केला. सुमनताईंनी कुणाचाच प्रचार केला नाही. यावर लक्ष्मीताई नाराज आहे, आणि तिचं बरोबर आहे असं मला वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी, पेढे येण्यापूर्वी महासंघाची बैठक घ्यायला हवी होती. कदाचित बायकांनी सुमनताईंचंच नाव घेतलं असतं. बहुधा घेतलंच असतं. पण मग ती उमेदवारी त्यांची स्वतःची झाली असती.

पंचायत समितीच्या गणाचा मुद्दा त्यांनी एकदाच काढला आणि सोडून दिला. त्या दिवशी त्यांच्या हातात सगळ्यात मोठं पान होतं: पक्षाला त्यांची उमेदवारी हवी होती. ‘ती नसेल तर मीही नाही’ एवढं वाक्य पुरलं असतं. मी हे त्यांना नंतर विचारलं. म्हणाल्या, ‘त्या खोलीत मी चहा आणून ठेवत होते गं. अट घालायची असते हे लक्षातच आलं नाही.’

जाऊबाईंबाबत माझा सल्ला चुकला. पगार महिनाभर उशिरा झाले असते तर मास्तरणींनी समजून घेतलं असतं. घाईत सोय बघितली आणि ज्या आरोपासाठी राजीनामा दिला, तोच आरोप पुन्हा ओढवून घेतला. अशा वेळी मी आता संस्थांना सांगते की सहीदार बदलायला वेळ लागू दे, पण त्याच आडनावाची सही नको.

फोनवरच्या कर्जाचं काय? हा निर्णय मला अजून अवघड वाटतो. २००३-०४ मध्ये ग्रामीण बायकांना शाखेच्या दारात उभं करत नव्हते. तो फोन नसता तर निम्मे गट पहिल्या कर्जापर्यंत पोचलेच नसते. फोन पहिल्या कर्जाला करावा आणि दुसऱ्याला करू नये, इतकी बारीक रेघ त्या वेळी कुणी आखली असती का, मला शंका आहे. निदान शाखाधिकाऱ्याला गटाची पुस्तकं बघितल्याशिवाय सही करू नका, असं त्याच फोनमध्ये सांगता आलं असतं.

आणि वह्या. २०१७ मध्ये निवडून आल्यावर लक्ष्मीताई सुमनताईंकडे गेली आणि तिच्या गणातल्या गावांची अडलेली कामं असलेल्या वह्या मागितल्या. न्यायाने त्या कुणाच्या? लिहिल्या सुमनताईंनी, वर नाव आमदार कार्यालयाचं, आत लोकांची दुखणी. सुमनताई द्यायला तयार होत्या. अण्णा म्हणाले, ‘त्यात आपले लोक आहेत.’ बराच वाद झाला म्हणे. शेवटी दोन वह्या लक्ष्मीताईच्या घरी गेल्या. ज्या विधवेच्या अनुदानापुढे सात तारखा होत्या ती त्यांपैकी एकीत होती, आणि लक्ष्मीताईने त्या पानावर आठवी तारीख टाकली. उरलेल्या नऊ वह्या अण्णांच्या कपाटात आहेत, खालच्या खणात, न वाटलेल्या डब्यांच्या एका खोक्याशेजारी.